पुटीतून लॉगिन होतं, पण सर्व्हरवरच्या प्रोग्रामची विंडो का उघडत नाही?

म्हणजे घरच्या विंडोज लॅपटॉपवरून कॉलेजच्या लिनक्स सर्व्हरवर पुटीने (एसएसएच म्हणजे एन्क्रिप्टेड कनेक्शनवरून लांबच्या मशीनवर लॉगिन करायचा प्रोग्राम) लॉगिन होतंय, कमांडी चालतायत, फक्त जीएडिट (टेक्स्ट एडिटर) सारखं काही उघडायला गेलं की 'कॅनॉट ओपन डिस्प्ले' येतं, बरोबर ना? मग आधी तुमच्या लॅपटॉपकडेच बघा, कॉलेजच्या अ‍ॅडमिनला नंतर पकडा.

लिनक्सवर विंडो दाखवणारी एक्स विंडो सिस्टिम 1984 ला एमआयटीत सुरू झाली तेव्हापासून तिचा हिशोब असाय की ज्या मशीनला स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस आहे तिथे एक्स सर्व्हर चालतो आणि प्रोग्राम हा त्याचा क्लायंट, मग तो कुठल्याही मशीनवर असू दे. म्हणजे तुमच्या केसमध्ये एक्स सर्व्हर लॅपटॉपवर पाहिजे आणि विंडोजमध्ये पुटीबरोबर तो येत नाही. व्हीसीएक्सएसआरव्ही हा विंडोजसाठीचा एक्स सर्व्हर फुकट आहे, टाका आणि त्याच्याबरोबरच्या एक्सलाँचमधून चालू करा, डिस्प्ले नंबर 0 ठेवा. मग पुटीत कनेक्शन, एसएसएच, एक्स11 इथे जाऊन फॉरवर्डिंगची (सर्व्हरवरच्या विंडो लॅपटॉपवर आणायची) टिक मारा आणि सेशन सेव्ह करा, नाहीतर पुढच्या वेळी टिक गायब. एवढा खटाटोप नको असेल तर मोबाएक्सटर्म घ्या, त्यात एक्स सर्व्हर आतच असतो. मॅकवाल्यांना एक्सक्वार्ट्झ लागतं.

लॉगिन झालं की डिस्प्ले व्हेरिएबल (विंडो कुठे दाखवायची हे प्रोग्रामला सांगणारं) एको कमांडने छापून बघा. लोकलहोस्ट:10.0 असं काही दिसलं की बोगदा तयार आहे, कारण एसएसएच सर्व्हरवर 10 पासून पुढचे खोटे डिस्प्ले बनवतं (पोर्ट 6010 पासून) आणि तिथे आलेलं सगळं एन्क्रिप्ट करून तुमच्याकडे पाठवतं. हे व्हेरिएबल हाताने सेट करू नका, नेटवर जिथेतिथे तोच सल्ला दिसतो आणि त्याने बनलेलं कनेक्शनही मोडतं. रिकामं आलं तर मात्र सर्व्हरकडे बघायचं, एसएसएचडीच्या (सर्व्हरवर चालणारा एसएसएच प्रोग्राम) कॉन्फिगमध्ये एक्स11फॉरवर्डिंग यस आहे का आणि एक्सऑथ (डिस्प्ले वापरायची परवानगी सांभाळणारा प्रोग्राम) इन्स्टॉल आहे का, हे अ‍ॅडमिनलाच विचारावं लागेल. अजून एक, होम डिरेक्टरीचा कोटा (जागेची मर्यादा) भरला असेल तर एक्सऑथला आपली फाइल लिहिता येत नाही आणि मग बाकी सगळं ठीक असूनही विंडो येत नाही, कॉलेजच्या सर्व्हरवर हे होतंच.

उद्या लिनक्स लॅपटॉपवरून केलंत तर एसएसएच कमांडला डॅश कॅपिटल एक्स किंवा कॅपिटल वाय लावा, स्मॉल एक्स लावलात तर फॉरवर्डिंग उलट बंद होतं. वाय म्हणजे समोरच्या मशीनवर पूर्ण विश्वास, तिथला प्रोग्राम तुमच्या बाकीच्या विंडोमध्ये काय टाइप होतंय तेही वाचू शकतो, त्यामुळे अनोळखी सर्व्हरवर वाय नको.

आणि स्पीडची फार अपेक्षा ठेवू नका. एक्सचे प्रोग्राम प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला एक्स सर्व्हरला, म्हणजे तुमच्या लॅपटॉपला, विचारत बसतात, लॅबच्या लॅनवर ते कळत नाही पण घरच्या नेटवर मेनू उघडायलाही वेळ लागतो, कॉम्प्रेशन लावून फार फरक पडत नाही कारण अडचण डेटाच्या साइजची नाही, ये-जा करायच्या वेळेची आहे. एखादा ग्राफ बघायला ठीकाय. तासनतास काम असेल तर एक्सटूगो किंवा एक्सप्रा वापरा, दोन्ही एसएसएचवरून चालतात आणि नेट गेलं तरी प्रोग्राम मरत नाही, परत जोडलं की विंडो जशीच्या तशी मिळते. साध्या फॉरवर्डिंगमध्ये कनेक्शन तुटलं की सेव्ह न केलेलं सगळं गेलं.