मॉडेल बसवण्याआधी कॉलम मोजून घ्या

तुमचा प्रश्न असा आहे: अँटिबॉडी शुद्ध करण्याच्या कॅटायन-एक्स्चेंज पायरीत (ऋणभारित मण्यांच्या कॉलमवर प्रोटीन चिकटवून मिठाने सोडवायचं) ॲग्रिगेट, म्हणजे अँटिबॉडीचे एकमेकांना चिकटलेले गठ्ठे, नीट वेगळे होत नाहीत, हाताशी तीस-चाळीस जुने रन (प्रयोगाच्या फेऱ्या) आहेत, त्यांवर मशीन लर्निंग लावावं की भौतिक समीकरणांचं मॉडेल बनवावं? या पायरीसाठी मी निःसंशय भौतिक मॉडेल निवडेन. कॉलममध्ये काय घडतं ते आपल्याला माहीत आहे. प्रोटीन प्रवाहाबरोबर येतं, मण्याभोवतीचा स्थिर थर ओलांडतं, छिद्रांत शिरतं, चिकटतं आणि मीठ वाढलं की सुटतं. यातल्या प्रत्येक टप्प्याचं समीकरण लिहिता येतं. निव्वळ डेटावर शिकणाऱ्या मॉडेलला हे सगळं तुमच्या रनमधून नव्याने हुडकावं लागेल, आणि जुने रन बहुधा एकाच लोडच्या (कॉलमवर चढवलेल्या प्रोटीनच्या प्रमाणाच्या) आणि ग्रेडियंटच्या (मीठ हळूहळू वाढवण्याच्या वेगाच्या) आसपास घुटमळलेले असतात. ते टाकून देऊ नका, पण त्यांचा उपयोग मॉडेल बसवायला नको, तपासायला करा.

सुरुवात प्रोटीनशिवाय करा. ब्लू डेक्स्ट्रान, म्हणजे निळा रंग जोडलेला मोठा रेणू, छिद्रांत शिरत नाही, म्हणून त्यावरून मण्यांमधली मोकळी जागा कळते. ॲसिटोन छिद्रांतही शिरतं, त्यावरून एकूण सच्छिद्रता कळते. (ॲनायन-एक्स्चेंजच्या धनभारित मण्यांवर ब्लू डेक्स्ट्रान वापरू नका, त्याचा रंग ऋणभारित असल्याने चिकटून बसतो.) मग कॉलम काढून हेच पुन्हा करा, म्हणजे नळ्या, व्हॉल्व्ह आणि डिटेक्टरचा वाटा वेगळा होतो. 1 मिलिलिटरच्या कॉलमवर हा वाटा मुळीच किरकोळ नसतो. तो वजा केला नाही, तर शिखराचा तो पसरटपणा प्रोटीनच्या छिद्रांतल्या विसरणाच्या नावावर जमा होतो. आलेख सुंदर जुळतो आणि मोठ्या कॉलमवर गेल्यावर अंदाज कोसळतो. रेझिनची, म्हणजे या मण्यांची, आयनिक क्षमताही (भारित जागांचं प्रमाण) पुस्तिकेतून उचलू नका, पॅक केलेल्या कॉलमवरच टायट्रेशन करून काढा.

आता प्रोटीन. ब्रूक्स आणि क्रेमर यांनी 1992 साली मांडलेलं स्टेरिक मास ॲक्शन मॉडेल इथे बहुतेक वेळा पुरतं. त्यात प्रत्येक घटकासाठी तीन गोष्टी लागतात: तो किती भारित जागांशी बांधला जातो, किती पक्का बांधला जातो, आणि आजूबाजूच्या किती जागा झाकून टाकतो. पहिल्या दोन गोष्टी कमी लोडच्या रनमधून मिळतात. एकाच पीएचला तीन-चार वेगवेगळ्या उताराचे सरळ ग्रेडियंट घ्या, उदाहरणार्थ 10, 20 आणि 40 कॉलम व्हॉल्यूमचे (कॉलमच्या आकारमानाच्या तितक्या पट बफरमध्ये पसरलेले). प्रत्येकात प्रोटीन किती मिठाला बाहेर पडलं ते नोंदवा. प्रमाणित (कॉलमच्या आकाराशी जुळवून घेतलेल्या) उताराचा लॉगॅरिदम मिठाच्या लॉगॅरिदमसमोर मांडला की सरळ रेषा येते, आणि तिच्या चढातून एक वजा केला की बांधणीच्या जागांची संख्या मिळते. सोडियम मोजताना फक्त ग्रेडियंटचं मीठ धरू नका, बफरमधलं सोडियमही त्यात मिळवा. कमी मिठाला सुटणाऱ्या घटकांच्या बाबतीत याने आकडे लक्षणीय बदलतात.

तिसरी गोष्ट, म्हणजे झाकलेल्या जागा, कमी लोडवर दिसतच नाही. त्यासाठी प्रत्यक्ष उत्पादनाइतक्या किंवा त्याहून जास्त लोडचे एक-दोन रन करावेच लागतात. तिथे 280 नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाच्या सिग्नलवर विसंबू नका. जास्त सांद्रतेला डिटेक्टर सपाट होतो, शिवाय मोनोमर (सुटे रेणू) आणि ॲग्रिगेट त्याला सारखेच दिसतात. फ्रॅक्शन, म्हणजे बाहेर येणाऱ्या द्रावाचे छोटे भाग, गोळा करा, प्रत्येकाचं साइझ-एक्स्क्लूजन (रेणू आकारानुसार वेगळे करणारं विश्लेषण) करा आणि घटकवार वक्रांवर मॉडेल बसवा. खर्चिक आणि कंटाळवाणं काम आहे, पण तुमचा प्रश्नच ॲग्रिगेटचा असल्याने याला पर्याय नाही.

सगळे पॅरामीटर एकदम सोडून फिटिंग करू नका. बांधणीचा वेग आणि छिद्रांतलं विसरण दोन्ही शिखराला पसरवतात, त्यामुळे एकाची चूक दुसरा झाकतो. जे स्वतंत्रपणे मोजता येतं ते मोजून गोठवा, उरलेलंच शोधायला द्या. सॉफ्टवेअरसाठी जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्रातून आलेलं कॅडेट (CADET) मुक्त आहे आणि या कामाला उत्तम आहे.

मग जुने रन बाहेर काढा. मॉडेलने न पाहिलेल्या रनमध्ये ॲग्रिगेट कुठे सुटतील ते आधी लिहून ठेवा, नंतर मोजमापाशी ताडून पाहा. हे जमलं की खरी मजा सुरू होते: लोड वाढवला, पूल (उत्पादन म्हणून गोळा करायचा भाग) थोडा आधी कापला किंवा रेझिनची नवी लॉट कमी क्षमतेची निघाली, तर शुद्धता आणि उतारा (हाती लागणारं प्रोटीन) किती हलतील, हे एका रात्रीत शेकडो आभासी रन करून बघता येतं. मोठ्या कॉलमवर जाताना बेडची उंची आणि प्रवाहाचा रेषीय वेग तोच ठेवा, पण सच्छिद्रता आणि अक्षीय पसरण (प्रवाहाच्या दिशेने होणारं पसरणं) तिथे ट्रेसरने (ब्लू डेक्स्ट्रान आणि ॲसिटोनने) पुन्हा मोजा; पॅकिंग बदललेलं असतं. बांधणीचे आकडे मात्र तेच राहतात.

तुमचा पीएच, लोड प्रति लिटर रेझिन आणि फीडमधलं (कॉलमवर येणाऱ्या द्रावातलं) ॲग्रिगेटचं प्रमाण इथे टाका. ग्रेडियंटचे उतार नेमके कोणते घ्यायचे ते त्यावरून सांगता येईल.