तुमचे प्रश्न: नारळीकर सर चुकले होते का?

प्रश्न: नववीच्या वर्गात एका मुलाने विचारलं की खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर बिग बँग (विश्व एकाच महास्फोटातून सुरू झालं हा सिद्धांत) मानत नव्हते, मग ते चुकलेच ना? मला पटकन काही सुचलं नाही. काय सांगू त्याला? (एक शिक्षिका, सांगली जिल्हा)

उत्तर: ताई, लपवू नका, सरळ सांगा की आज बहुतेक खगोलशास्त्रज्ञ बिग बँगच्याच बाजूने आहेत, आणि १९६५ साली पेन्झियस-विल्सन या शास्त्रज्ञांना आकाशात सगळीकडून येणारं मायक्रोवेव्ह रेडिएशन, म्हणजे बिग बँगची उरलेली ऊब, सापडल्यापासून सर आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉयल यांची, विश्वाला सुरुवातच नाही ही बाजू लंगडीच पडत गेली. पण विश्व प्रसरण पावतंय हे सर कधीच नाकारत नव्हते, त्यांना पटत नव्हतं ते सगळं एकाच क्षणी सुरू झालं हे, आणि तेही नुसतं तोंडाने नाही, १९९३ मध्ये हॉयल आणि खगोलशास्त्रज्ञ बर्बिज यांच्यासोबत त्यांनी नवीन मॉडेल गणितासकट मांडलं, म्हणजे दुसऱ्यांना ते खोडून काढता यावं. माझ्या मते त्या मुलाला हेच कळायला हवं.

पृथ्वीबाहेरच्या जीवसृष्टीचंही तसंच. आहे की नाही यावर गप्पा मारत न बसता सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादहून बलून सोडले, ४१ किलोमीटरपर्यंतची हवा गोळा केली, २००५ च्या उड्डाणात बॅक्टेरियाच्या तीन नव्या जाती मिळाल्या. ते बाहेरूनच आलेत असा दावा मात्र केला नाही, पुरावा तेवढा नव्हता ना.

आणि ज्योतिष तपासायला सरांनी सहकाऱ्यांसोबत केलेला पत्रिकेचा प्रयोग तर वर्गात जरूर सांगा. १०० हुशार मुलं आणि १०० मतिमंद मुलं, सगळ्यांच्या पत्रिका बनवल्या, २७ ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० दिल्या, यातली हुशार कोणती ते ओळखा म्हणून. ४६ टक्के बरोबर आल्या. आता मुलांना ४० वेळा नाणं उडवायला लावा, दरवेळी आधी छापा की काटा ते बोलायला लावा आणि बरोबर किती आले ते फळ्यावर लिहा, मग तुम्हाला वेगळं समजावावं लागणारच नाही.

अजून एक. मुलं सही मागायला आली की सर म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तर देतो, त्याखाली सही असेल. मे २०२५ मध्ये सर गेले, नाहीतर मी म्हटलं असतं की या मुलाला सांगा, हा प्रश्न त्यांनाच पाठव.