वाचकांचे प्रश्न : विस्कॉन्सिनचा सर्वांत मोठा रनिंग बॅक कोण?

प्रश्न : मॅडिसनच्या आमच्या मराठी मित्रमंडळींत दर शनिवारी एकच वाद रंगतो. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सर्वांत मोठा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) रॉन डेन, असं जुनी मंडळी म्हणतात. नव्यांचा देव जोनाथन टेलर. त्यात एक जण सांगतो की कारकिर्दीत सर्वाधिक यार्ड धावण्याचा डेनचा विक्रम २०१६ मध्येच मोडला, तर दुसरा म्हणतो मोडलेलाच नाही. खरं काय?

उत्तर : दोघांचंही खरं आहे. भांडण खेळाचं नाही, हिशेबाच्या वहीचं आहे.

हंगाम संपल्यावर डिसेंबर-जानेवारीत निवडक संघांचे बाऊल सामने होतात. त्यातली कामगिरी एनसीएए ही कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना २००२ पासून अधिकृत आकड्यांत धरते. त्याआधीच्या खेळाडूंचे आकडे मात्र होते तसेच ठेवले. डेन खेळला १९९६ ते १९९९, म्हणजे जुन्या वहीत अडकला. त्याचे अधिकृत यार्ड ६,३९७. आता त्याचे चार बाऊल मोजा. कॉपर बाऊलमध्ये यूटाविरुद्ध २४६, आउटबॅक बाऊलमध्ये जॉर्जियाविरुद्ध जेमतेम ३६, मग लागोपाठ दोन रोझ बाऊल : यूसीएलएविरुद्ध २४६ आणि स्टॅनफर्डविरुद्ध २००. बेरीज ७२८. ती मिळवली की होतात ७,१२५.

सॅन डिएगो स्टेटचा डॉनेल पम्फ्री २०१६ मध्ये ६,४०५ वर थांबला, तोही बाऊल धरून. म्हणजे कागदावर ८ यार्डांनी तो पुढे. गंमत अशी की डेनचा तो ३६ यार्डांचा पडेल सामना एकटा जरी धरला असता, तरी पम्फ्री मागे राहिला असता.

हीच फसगत पहिल्या वर्षाच्या विक्रमात होते. टेलरने २०१७ मध्ये १,९७७ यार्ड काढले आणि पहिल्या वर्षाच्या खेळाडूचा विक्रम त्याच्या नावावर लागला. डेनचे १९९६ चे अधिकृत यार्ड १,८६३ असले, तरी बाऊल धरून २,१०९ होतात. तेव्हा वाद घालण्याआधी एक ठरवा : धरायचे तर सगळ्यांचे बाऊल धरायचे, नाहीतर कुणाचेच नाही. अर्ध्याहून जास्त भांडणं तिथेच मिटतील.

आता टेलर. तीनच हंगाम, ४१ सामने, ६,१७४ यार्ड. सामन्यामागे १५०.६. डेनचे अधिकृत ४३ सामन्यांत १४८.८ पडतात, म्हणून टेलरचे चाहते हा आकडा पुढे करतात. पण बाऊलसह डेनचे ४७ सामन्यांत १५१.६ होतात आणि तो मुद्दा निकालात निघतो. टेलरची खरी बाजू दुसरीकडे आहे. चेंडू हातात घेऊन त्याने ९२६ वेळा धाव घेतली आणि प्रत्येक धावेला ६.७ यार्ड मिळवले. डेनच्या १,२२० धावा, सरासरी ५.८. शिवाय टेलरने चौथं वर्ष खेळलंच नाही, नाहीतर एकूण यार्डांतही त्याने कदाचित डेनला गाठलं असतं.

तरी आमचं मत डेनच्या बाजूने. सलग दोन रोझ बाऊल जिंकून देणारा आणि दोन्हीत सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, वर १९९९ चा हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा करंडक. समोरच्यांना माहीत असायचं की चेंडू यालाच मिळणार, आणि तरी मिळायचा. ५.८ ही सरासरी त्या ओझ्यासकट वाचायला हवी.

प्रश्न : मग मेल्विन गॉर्डन कुठे बसतो? त्याची सरासरी तर दोघांच्याही वर आहे. तुम्ही लोक त्याला नेहमी तिसरा टाकता.

उत्तर : एका हंगामापुरतं बोलायचं तर तो पहिलाच. २०१४ मध्ये ३४३ धावांत २,५८७ यार्ड. तोपर्यंत त्याच्या पुढे फक्त ओक्लाहोमा स्टेटचा बॅरी सँडर्स होता : १९८८, २,६२८ यार्ड, आणि तेही बाऊल न धरता.

१५ नोव्हेंबर २०१४ चा नेब्रास्काविरुद्धचा सामना कॅम्प रँडलवर, विस्कॉन्सिनच्या घरच्या मैदानात झाला. गॉर्डनने २५ धावांत ४०८ यार्ड काढले, चौथ्या क्वार्टरमध्ये मैदानात पाऊलही न ठेवता. तिसऱ्या क्वार्टरच्या अगदी शेवटच्या चालीत २६ यार्डांचा टचडाउन मारून (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन) त्याने लाडेनियन टॉमलिन्सनचा एका सामन्यातला ४०६ यार्डांचा विक्रम मागे टाकला. तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरच्या मधल्या वेळात तिथे विद्यार्थी उड्या मारतात, ती प्रथा जुनीच. त्या दिवशी उड्या मारायला कारणही होतं. विक्रम टिकला मात्र एकच आठवडा. ओक्लाहोमाच्या समाजे पेराइनने ४२७ काढले.

तिसरा टाकतो ते कारकिर्दीच्या हिशेबात. त्याच्या एकूण धावा ६३१, यार्ड ४,९१५, सरासरी ७.८. सुरुवातीला माँटी बॉल आणि जेम्स व्हाइट त्याच्या पुढे होते. त्यामुळे त्याला चेंडू कमी मिळायचा आणि जास्त करून ‘जेट स्वीप’वर मिळायचा. या चालीत तो एका कडेला उभा राहतो, चेंडू सुटण्याआधीच आडवा पळू लागतो आणि भर वेगात क्वार्टरबॅककडून, म्हणजे चाल चालवणाऱ्या खेळाडूकडून, चेंडू घेतो. मधल्या गर्दीत शिरावंच लागत नाही. १ डिसेंबर २०१२ ला इंडियानापोलिसमधल्या ‘बिग टेन’च्या (विस्कॉन्सिन ज्या गटात खेळतं त्याच्या) अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनने नेब्रास्काला ७०-३१ हरवलं, त्यात गॉर्डनने अवघ्या ९ धावांत २१६ यार्ड काढले. बॉलला २०२ यार्डांसाठी २१ धावा लागल्या. मधे डोकं घालून बचाव आत खेचण्याचं काम बॉल आणि व्हाइट करत होते, म्हणून कडा मोकळी मिळत होती. तेव्हा सरासरीची तुलना करताना धाव मधून होती की कडेने, हे विचारलंच पाहिजे. पण २०१४ मध्ये मधलं कामही त्याच्याच अंगावर आलं आणि सरासरी ७.५ च्या खाली गेली नाही. हा त्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा. त्याच्या चाहत्यांनी ४०८ ऐवजी हा आकडा सांगावा.

प्रश्न : माँटी बॉलने २०११ मध्ये सँडर्सच्या ३९ टचडाउनशी बरोबरी केली. मग तो या यादीत का नाही?

उत्तर : यादीत आहे, चौथा. बॉलचे ३९ (३३ धावून, ६ झेलून) १४ सामन्यांतले. सँडर्सचे अधिकृत ३९ हे ११ सामन्यांतले, आणि बाऊलमधले ५ मिळवले तर ४४. ती बरोबरीही वहीतलीच.

प्रश्न : ॲलन अमीचीला १९५४ चा हाइझमन फक्त ६४१ यार्डांवर मिळाला. आज एवढ्यावर कुणी नावसुद्धा घेणार नाही. त्या काळी स्पर्धाच नव्हती का?

उत्तर : नियम वेगळे होते. १९५३ पासून खेळाडू बदलण्यावर कडक मर्यादा आली, त्यामुळे आक्रमणात फुलबॅक (मागच्या फळीतला दणकट गडी) असलेला अमीची बचावात लाइनबॅकर (पुढच्या फळीमागचा बचावपटू) म्हणूनही राबायचा. त्यात हंगाम छोटे. शिवाय करंडक देताना चार वर्षांची पुण्याई पाहिली गेली : एकूण ३,२१२ यार्ड, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. त्याला आजच्या आकड्यांच्या रांगेत उभं करू नका. त्याच्या काळात तो पहिला होता, एवढं पुरे.

प्रश्न : मुलगा मॅडिसनला एम.एस. करतोय. या सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं जाऊ तेव्हा तो सामना दाखवणार आहे. टीव्हीवर बघतो तेव्हा चेंडू कुणाकडे आहे तेच कळत नाही. रनिंग बॅक चांगला की वाईट, हे नवख्याने ओळखायचं कसं?

उत्तर : चेंडू शोधू नका. पुढे वाकून बसलेले पाच धिप्पाड गडी बघा. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. चेंडू सुटताच एखादा गार्ड समोर न ढकलता मागे पाऊल घेऊन आडवा पळाला, तर बहुतेक वेळा चेंडूही तिकडेच जाणार. विस्कॉन्सिनची ही जुनी ठेवणीतली चाल, ‘पॉवर’. गार्ड फटीतून आत शिरून लाइनबॅकरला धडकतो, फुलबॅक कडेच्या माणसाला बाहेर रेटतो, आणि मधल्या वाटेने रनिंग बॅक निघतो. ती फसते दोन कारणांनी. गार्ड उठून गेल्यावर त्याच्या रिकाम्या जागेतून बचावपटू आत घुसला तर धाव मागेच अडते. किंवा रनिंग बॅक उतावीळपणे गार्डच्या पुढे पळाला तर वाट तयारच झालेली नसते. पहिली चूक लाइनची, दुसरी त्याची.

मग मोजणी करा. पाच गडी, त्यांच्या कडेला उभा राहणारा एक टाइट एंड आणि फुलबॅक मिळून अडवणारे ७. समोर दाटीने ८ उभे असतील, तर एक मोकळा राहणारच. त्या एकाला चुकवणं किंवा अंगावर घेऊन आणखी दोन यार्ड सरकणं, हे रनिंग बॅकचं स्वतःचं काम. कबड्डीत बोनस मिळाला तरी धरायला आलेल्या कोपऱ्याला हिसडा देऊन रेषा गाठावी लागते, तसंच.

शेवटी त्याचा हात बघा. चेंडूचं टोक बोटांत, बाकी चेंडू तळवा, मनगटापुढचा हात, दंड आणि छाती यांत दाबलेला हवा, आणि चेंडू नेहमी कडेच्या बाजूच्या हातात. कोपर अंगापासून सुटलं की मागून येणारा ठोसा मारून चेंडू पाडतो. टेलरच्या हातून कॉलेजात १८ वेळा चेंडू निसटला. आम्ही त्याला डेनच्या खाली ठेवतो, त्यात या १८ चाही वाटा आहे.