एकच ताट, पोट मात्र वेगळं?

प्रश्न: मी ४८ ची, आमचे हे ५१ चे. २० वर्षं एकाच घरात एकच जेवण, तरी हौस म्हणून पोटातल्या बॅक्टेरियाची टेस्ट केली तर माझ्यात प्रकार जास्त निघाले, ह्यांच्यात कमी. हे म्हणतात बायकांचं असंच असतं. खरंय का? सासूबाई ७६ च्या आहेत, त्यांचीही करून घेऊ का?

उत्तर: अर्धंच खरंय ताई. २०१९ मधे अमेरिका, ब्रिटन, कोलंबिया आणि चीनमधल्या लोकांचा डेटा तपासला गेला, त्यात तरुणपणी बायकांमधे बॅक्टेरियाचे प्रकार पुरुषांपेक्षा जास्त दिसले, पण वयाबरोबर हा फरक पुसट होत जातो आणि चिनी लोकांमधे तर तो दिसलाच नाही. म्हणजे पन्नाशीच्या आसपास "बायको आहे म्हणून" हे जरा ओढूनताणूनच झालं.

हार्मोन्सचा संबंध आहे, नाही असं नाही. लिव्हर इस्ट्रोजेन (बायकांमधलं मुख्य हार्मोन) बांधून पित्तातून आतड्यात सोडतं, तिथले काही बॅक्टेरिया एका एन्झाइमने ते परत मोकळं करतात आणि त्यातलं काही पुन्हा रक्तात जातं, म्हणजे बॅक्टेरियाही हार्मोन्सवर परिणाम करतात. उंदरांवरचा २०१३ चा प्रयोग तर भन्नाट आहे, नराच्या आतड्यातले बॅक्टेरिया मादी पिल्लांना दिले तर त्यांचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषांमधलं मुख्य हार्मोन) वाढलं आणि टाइप १ डायबेटिसपासून बराच बचाव झाला. पण ते उंदीर, आपण माणसं.

वयाचा फरक जास्त ठळक. आईच्या दुधावरच्या बाळाच्या पोटात बहुतेक वेळा बायफिडोबॅक्टेरियम या एकाच गटातल्या बॅक्टेरियाचं राज्य असतं, साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत मोठ्यांसारखी गर्दी जमते.

आता सासूबाई. आयर्लंडमधल्या २०१२ च्या अभ्यासात कायम केअर होममधे राहणाऱ्या वृद्धांच्या पोटात प्रकार कमी निघाले, आपापल्या घरी राहणाऱ्यांपेक्षा, आणि ते त्यांच्या तोचतोचपणाच्या आहाराशी जुळत होतं. त्यामुळे टेस्टपेक्षा त्या रोज काय काय खातात, चावता येतं का, भाज्या-डाळी-फळं बदलून पोटात जातात का ते बघा. संडासची सवय अचानक बदलली किंवा रक्त दिसलं तर मात्र सरळ डॉक्टरकडे.

आणि ह्यांना एक विचारा, टेस्टच्या आधी महिना-दोन महिन्यांत अँटिबायोटिकचा कोर्स झाला होता का? तेवढ्यानेही प्रकार कमी दिसू शकतात.