पावणेदोन वर्षांचं लेकरू एक पाय टेकवतच नाही, काय असू शकतं?

अगं, सासूबाईंनी पाय चोळायला बोलावलेल्या त्या मालिशवाल्या बाईंना आधी थांबव. सासूबाईंना वाईट वाटणार नाही अशा बेताने सांग, पण थांबव. तू लिहिलंयस की परवा बागेत त्याला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून आलीस, रात्री किरकिरला आणि सकाळपासून उजवा पाय टेकवत नाहीये, उभं केलं की पाय उचलून घेतो, रांगतो मात्र झकास, ताप नाही, सूज नाही. मी डॉक्टर नाही हं, पण पाळणाघर चालवते, लंगडणारी पोरं भरपूर बघितलीत आणि त्यांच्या आयांबरोबर दवाखान्यातही बसलीये.

तुझं वाचून मला सगळ्यात आधी आठवलं ते टॉडलर्स फ्रॅक्चर, म्हणजे नडगीच्या हाडाला पीळ बसून गेलेला बारीक तडा. साधारण 9 महिने ते 3 वर्षं या वयात होतो. होतं काय, पोर आपल्या मांडीवर असतं, त्याच्या बुटाचा रबरी सोल घसरगुंडीच्या कडेला अडकतो, पाय तिथेच राहतो आणि मागून आपलं सगळं वजन त्याला खाली रेटत असतं. एकटं घसरत असतं तर पाय अडकल्यावर तिथेच थांबलं असतं. हाड जागचं हलत नाही म्हणून पाय वाकडा दिसत नाही, सूजही फारशी नसते, आणि घरात सगळे म्हणतात मुरगळला असेल, चोळून द्या. रांगतो पण चालत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा दुखणं गुडघ्याच्या खाली आहे, कारण रांगताना तिथे भार येत नाही.

आणि एक, पहिल्या एक्सरेत हा तडा कित्येकदा दिसतच नाही. आठ-दहा दिवसांनी हाड भरायला लागलं की मग दिसतो. त्यामुळे एक्सरे नॉर्मल आला तरी डॉक्टर प्लास्टर किंवा पाय हलू न देणारा आधाराचा बूट घालूया म्हणाले तर उगाच घालतायत असं समजू नकोस. तीन-चार आठवड्यांत भरून येतं, प्लास्टर काढल्यावरही थोडे दिवस लंगडतात, ते चालतं.

निघायच्या आधी घरी एकदा नीट बघून घे. मांडीवर बसव आणि चांगल्या पायापासून सुरुवात कर, थेट दुखऱ्याला हात लावलास की पुढे काहीच करू देणार नाही. तळवा उजेडात धर, बोटांच्या बेचक्या बघ, काटा, काच, नखाचा रुतलेला कोपरा, हँड फूट माउथ या विषाणूच्या आजाराचे पुरळ-फोड. तोरड्या किंवा वाळे घट्ट झालेत का, मोज्याचा धागा किंवा केस बोटाला गुंडाळला गेलाय का (यात बोट लालभडक सुजतं, लगेच सोडवावं लागतं, नाही सुटला तर तडक दवाखाना). आणि बूट झटकून बघ गं! आमच्याकडे एक ठकी सकाळभर लंगडत होती, बुटातून चिंचोका निघाला. दीड वर्षाचा डीपीटी लसीचा बूस्टर डोस नुकताच मांडीत दिला असेल तर त्यानेही एक-दोन दिवस लंगडतात.

तुझ्याकडे ताप नाहीये, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते, ताप आहे आणि पाय टेकवत नाही असं असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल, रात्र असली तरी. सांध्यात किंवा हाडात पू झालेला असू शकतो आणि सांधा काही दिवसांत कायमचा खराब होतो. डायपर बदलताना पाय फाकवला की किंचाळत असेल तर दुखणं खुब्यात असू शकतं. खुबा दुखत असला तरी मुलं गुडघा दाखवतात, त्यामुळे गुडघ्याचा एक्सरे काढून गप्प बसायचं नाही. सर्दी-खोकला होऊन गेल्यावर खुब्याला साधी सूज येते, जास्त करून 3 ते 8 वर्षांच्या मुलांना, ती आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप जाते. पण ही साधी सूज की पू हे घरी बसून ठरवता येत नाही, रक्ततपासणी आणि सोनोग्राफी लागते.

न दुखणारं लंगडणं वेगळंच. चालायला लागल्यापासूनच पोर एका बाजूला झुकत किंवा बदकासारखं डुलत चालत असेल तर जन्मापासून खुबा निसटलेला असू शकतो. मुलींमध्ये आणि पायाळू बाळांमध्ये जास्त. सहा महिन्यांच्या आत कळलं तर बहुतेकदा पट्ट्यांवर भागतं, चालायला लागल्यावर कळलं तर बऱ्याचदा ऑपरेशन. म्हणून तान्ह्या बाळाचे पाय सरळ करून दुपट्यात करकचून बांधू नका, मोठं झालं की कडेवर खुशाल घ्या, ती बसण्याची पद्धत खुब्याला चांगली.

सपाट तळव्यांची काळजी मात्र लोक फुकट करतात, या वयात ते असतातच. पाय धनुष्यासारखे दोन वर्षांपर्यंत चालतात, पण त्यानंतरही वाक वाढतोय आणि मनगटं जाड दिसतायत तर ड जीवनसत्त्व तपासून घ्या. रात्री पाय दुखतात म्हणून रडणं, दोन्ही पाय, सकाळी उठून उड्या मारणं, हे तीन वर्षांनंतरचं वाढीचं दुखणं. एकाच पायात रोज दुखतंय, पोर फिकट दिसतंय, अंगावर निळे डाग येतायत, तर त्याला वाढीचं म्हणून सोडू नका, रक्त तपासा.

तू उद्या सकाळीच जा, मुलांच्या हाडांचे डॉक्टर जवळ असतील तर उत्तम. तोपर्यंत बळजबरीने चालवू नकोस, पांगुळगाड्यात घालू नकोस, अॅस्पिरिन तर अजिबात नको. क्लिनिकमध्ये पोरं रडून सगळा गोंधळ घालतात आणि डॉक्टरांना काही बघता येत नाही, म्हणून तो रांगतानाचा आणि उभं केल्यावर पाय उचलतो त्याचा व्हिडिओ आत्ताच काढून ठेव. एक्सरेत काय निघालं ते कळव.