स्वभाव बिघडला की घर तापलं?

एप्रिल लागला की नागपुरात समुपदेशनाला येणाऱ्या तक्रारींचा सूर बदलतो. सासूबाईंशी पटेनासं झालंय, नवरा घरात असला की नुसता खेकसतो, पोरगा उलटून बोलतो. आणि शेवटी ठरलेला प्रश्न: "ताई, आता वेगळं बिऱ्हाड केलेलंच बरं नाही का?" खाली मांडलेलं घर अशाच दोन-तीन कुटुंबांचे तपशील एकत्र करून घेतलेलं आहे. ओळख पटेल असं त्यात काही ठेवलेलं नाही.

मानेवाड्याच्या पलीकडचं ले-आउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वस्ती. वरचा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, सगळं मिळून जेमतेम ४०० चौरस फूट, डोक्यावर थेट स्लॅब. माणसं पाच. सासूबाई सत्तरीच्या उंबरठ्यावर, रक्तदाबाची गोळी चालू. नवरा बुटीबोरीच्या कारखान्यात, फिरत्या पाळीवर. सून शिवणकाम करते. मुलगा सीईटीच्या तयारीत, मुलगी आठवीत. कूलर एकच, पुढच्या खोलीच्या खिडकीला. सुनेचं म्हणणं असं: "दिवसभर ठीक राहते जी. रात्री जेवणं झाली का कोणाचं तरी डोकं फिरतेच."

त्या "रात्री"मध्येच धागा होता. अशा घरात पहिल्याच बैठकीत कोण चुकतं याचा निवाडा करायला बसू नये. एक वही आणि भिंतीवर टांगायचा साधा थर्मामीटर पुरतो. आठवडाभर इतकंच लिहायचं: भांडण किती वाजता झालं, कुठल्या खोलीत, कशावरून, आणि तेव्हा त्या खोलीत पारा किती होता. कोणाची चूक, हे लिहायचं नाही. वही मुलीकडे द्यावी. घरात तिचाच कोणावर राग नसतो.

नोंदींचे दोन गठ्ठे पडले. एक रात्री ९ ते साडेअकरा, दुसरा दुपारी १ ते ३. रात्री साडेनऊला आतल्या खोलीत ३९ अंश, बाहेर गच्चीवर ३५. म्हणजे घर बाहेरच्यापेक्षा तापलेलं, तेही सूर्य मावळून तीन तास होत आले तेव्हा. यात नवल नाही. चार-पाच इंची स्लॅब दुपारभर ऊन पितो आणि ती उष्णता खालच्या बाजूला यायला काही तास लागतात. त्यामुळे छत आतून सर्वांत गरम होतं ते संध्याकाळी आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी, नेमकं सगळे घरी असतात तेव्हा. झोप लागण्यासाठी शरीराला आपलं आतलं तापमान थोडं उतरवावं लागतं. तापलेल्या छताखाली ते उतरत नाही, मग झोप उशिरा लागते आणि तुटक लागते. सलग काही रात्री अशा गेल्या की माणसाचा आवर सुटतो. मग निमित्त काहीही चालतं.

या घरात निमित्त होतं कूलरचं पाणी. मोठा डेझर्ट कूलर कोरड्या उन्हाळ्यात तासाला ८-१० लिटर पाणी सहज संपवतो. म्हणजे रात्री दहाला भरलेली टाकी पहाटेच्या आधीच कोरडी, कूलरच्या वाळलेल्या गवती ताट्यांतून गरम वारा, सगळे जागे, आणि "तू भरायला पाहिजे होतं" सुरू. त्यावर पाळ्या लावून पाहिल्या तर पाळ्यांवरून भांडण झालं. उपाय प्लंबरकडे होता: वरच्या टाकीतून कूलरला बारीक पाइप आणि पाणी आपोआप थांबवणारा फ्लोट. काही शेकड्यांचं काम, पण रोजचा एक वाद मुळापासून गेला.

कूलरची दुसरी चूक जवळजवळ प्रत्येक घरी दिसते. थंडावा बाहेर जाईल म्हणून सगळ्या खिडक्या बंद करतात. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर खोलीत दमटपणा साचतो, अंग चिकट होतं आणि घाम वाळत नाही. कूलर पुढच्या खोलीत असेल तर मधलं दार उघडं आणि मागच्या खोलीची समोरची खिडकी चार-सहा इंच उघडी ठेवावी. बाकीच्या बंद. हवा दोन्ही खोल्यांतून जाते आणि "कूलरसमोर कोण झोपणार" हा तंटा बराच निवतो. कूलर खोलीच्या आत ठेवून चालवला तर त्याचा उपयोग नाही. ताट्या दर मोसमात बदलाव्यात. क्षार बसून पापुद्रा आला की पाणी एका बाजूनेच उतरतं. पावसाळी हवा सुरू झाली की पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. आणि पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा. अर्थिंग तपासलेलं हवं, मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवता आला तर उत्तमच. कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. भांडणाच्या भरात तर प्लगकडे कोणी बघतच नाही.

मग छत. पांढऱ्या चुन्याचा लेप हा सर्वांत स्वस्त उपाय. ४०० चौरस फुटांच्या गच्चीला दोन-तीन हातांसाठी १५ ते २० किलो चुना लागतो, खडबडीत सिमेंट असेल तर जास्त. आधी भेगा सिमेंटने भरायच्या, गच्ची झाडून धुवायची. चुना आदल्या रात्री पाण्यात विरवून सकाळी फडक्याने गाळायचा, त्यात पांढरा गोंद घालायचा. लेप संध्याकाळी, ओल्या गच्चीवर. भर उन्हात लावला तर चुना पकडायच्या आधीच वाळतो आणि भुकटी होऊन पायाला लागतो. हात मारताना चष्मा आणि हातमोजे घालावेत, चुन्याने डोळा भाजतो. पावसात बराचसा धुऊन जातो, म्हणून दर मार्चला पुन्हा. धूळ बसून करडा झाला की ऊन परतवण्याचा गुण कमी होतो, तेव्हा मधूनमधून झाडत राहायचं. सासूबाईंची खरी अडचण वेगळीच निघाली: कुरड्या-पापडांचं वाळवण कुठे घालायचं? खाटेवर घालायचं ठरलं. घर भाड्याचं असेल तर मालकाला आधी सांगावं. खर्च हजाराच्या आसपास असतो आणि छत त्याचंच टिकतं, त्यामुळे सहसा नकार येत नाही.

पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावून फारसं साधत नाही, कारण ऊन काचेतून आत येऊन चुकलेलं असतं. हिरवी नेट किंवा वाळ्याची ताटी बाहेरून हवी.

दुपारचा गठ्ठा नवऱ्याच्या झोपेचा. रात्रपाळी करून तो आठला येई, नऊला पडे आणि एकच्या सुमारास कुकरच्या शिट्ट्या किंवा टीव्हीने उठे. पाळीच्या कामगाराची दिवसाची झोप मुळातच कमी आणि उथळ असते. त्याला उत्तरेकडची मागची खोली दिली, खिडकीला काळं कापड, गादी जमिनीवर, कारण खाली हवा थोडी थंड असते. भाजी-कुकर तो यायच्या आत, नाहीतर तीननंतर. मुलाचा अभ्यास पहाटे साडेचार ते सात असा हलवला. मेमध्ये नागपूरच्या घरात बरी हवा तेवढीच. वेगळ्या टेबलापेक्षा त्याला ते अडीच तास कोणी हाक न मारणं जास्त उपयोगी पडलं.

सासूबाईंची चिडचिड हा स्वभाव की तब्येत, हे आधी पाहिलं. वयानुसार तहान कमी जाणवते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, म्हणून उन्हाळ्याआधी डॉक्टरांना गोळ्या दाखवून घ्याव्यात. पाणी, ताक, पन्हं मागायची वाट न बघता हातात द्यावं. मीठ किती चालेल तेही डॉक्टरांनाच विचारावं. खोली चाळिशीच्या वर गेली की कोरडा पंखा गरम हवाच अंगावर मारतो, अशा वेळी मानेवर ओलं फडकं ठेवावं. म्हातारं माणूस असंबद्ध बोलू लागलं, अंग तापलं, हाकेला नीट ओ देईना, तर तो हट्ट नव्हे, उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन करायचा, गाडी येईपर्यंत अंग ओलं करून वारा घालायचा.

एक विषय कोणीच आपणहून काढत नाही. दोन खोल्या, वाढत्या वयाची मुलं, मागच्या खोलीत आई. नवरा-बायकोला दार लावायला जागाच नसते. वर्षानुवर्षं हे असंच चाललं की दोघांतला अबोला पैशाच्या नाहीतर पाण्याच्या भांडणातून बाहेर पडतो. हे दोघांशी वेगळं बसूनच बोलावं लागतं. उन्हाळ्यात मुलं आणि वडीलधारे गच्चीवर झोपले की प्रश्न आपोआप सुटतो, मात्र कठडा छातीइतका उंच, मच्छरदाणी आणि जिन्यात दिवा हवा. सासूबाईंचे गुडघे जिना चढू देत नसतील तर आठवड्यातले काही तास ठरवून घ्यावेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

या बदलांनंतर वहीत उरलेल्या नोंदी फार कामाच्या असतात. इथे दोन उरल्या: गावच्या शेताच्या वाटणीवरून दिराशी बिनसलेलं, आणि मुलाला इंजिनिअरिंगला जायचं नसणं. पारा उतरला तरी ही भांडणं उतरली नाहीत, म्हणजे खरं समुपदेशन त्यांचंच. हात उचलणं, दारू, धमकी हे मात्र घराच्या तापमानाच्या खात्यात कधीच टाकू नये. तिथे महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी, जेवण-झोप उडणं, जगण्याचा कंटाळा असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावावा किंवा मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मनोविकार विभागात दाखवावं.

आता वेगळ्या बिऱ्हाडाचं. जायचंच असेल तर नवं घर सकाळी दहाला बघू नका, तेव्हा सगळीच घरं गार असतात. दुपारी चारनंतर जा, पश्चिमेच्या भिंतीवर तळहात टेकवा, छताखाली दहा मिनिटं उभे राहा. वर मजला आहे का, समोरासमोर दोन खिडक्या उघडतात का, नळाला पाणी किती वाजता येतं, विचारा. कपाट भिंतीपासून हलवून मागे पोपडे किंवा काळी बुरशी आहे का बघा. मालक नुकताच रंग दिल्याचं सांगत असेल तर जास्तच नीट बघा. ओल नेमकी कुठून येते हे न शोधता दिलेला रंग एका पावसाळ्यात सुटतो.