यादी फ्रिजवर, घर डोक्यात

चाळिशीच्या आसपासच्या बायका हल्ली माझ्याकडे एक भीती हमखास घेऊन येतात: मला काहीच लक्षात राहत नाही, हा विस्मरणाचा आजार तर नव्हे? डोंबिवलीच्या या बाईही (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) तेच विचारत होत्या. नोकरी, दोन मुलं, सासूबाई. गॅस नोंदवायचा राहिला, लेकीच्या सहलीचे पैसे भरायची तारीख हुकली. ‘आणि मी रोज यादी करते हो!’

ऑफिसात मात्र चूक नव्हती. ओळखीचे रस्ते, पैशांचे व्यवहार चुकत असते किंवा तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला जात असता, तर मी त्यांना आधी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं असतं. तरी रक्त तपासायला सांगितलं. थायरॉइड बिघडला किंवा बी-१२ कमी असलं तरी विसराळूपणा येतो. रिपोर्ट ठीक आले.

मग फ्रिजवरची यादी मागवली. कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे लिहिलेली: ‘माळा. दळण. आईंची शुगर. गिझर. पडदे.’ ‘माळा’, म्हणजे तो आवरणं, गणपतीपासून प्रत्येक नव्या यादीत उतरत आला होता. उतरणारच. हे काम नव्हे, संकट आहे! हात कुठून घालायचा तेच त्यातून कळत नाही. मासिकाम्पो आणि बॉमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं, की अर्धवट कामं डोक्यात घोळत राहतात. पण एखादं काम कधी, कुठे, कसं करायचं हे नेमकं ठरलं, की ते झालेलं नसतानाही घोळणं थांबतं. म्हणून ‘माळा’ खोडून आम्ही लिहिलं, ‘शनिवारी चहा झाल्यावर माळ्यावरचे दोन खोके खाली काढणे’. यादी सकाळच्या घाईत न करता रात्री करायची, हेही ठरलं. अमेरिकेत ५७ तरुणांवर झालेल्या एका प्रयोगात (२०१८) झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली. प्रयोग छोटा आहे, पण करून बघायला काय जातं?

खरी गाठ पुढेच होती. नवरा आळशी नव्हता. ‘तू फक्त सांग, मी करतो,’ म्हणायचा. म्हणजे लक्षात ठेवायचं हिनेच! २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यासाठीची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषांची ९७. मिनिटं निदान मोजता येतात; आठवण ठेवणं लोकलमध्ये, मीटिंगमध्येही चालूच असतं.

पुढच्या वेळी दोघांना बोलावलं. दळण नवऱ्याकडे गेलं, तेही पूर्ण: पिठाचा डबा बघण्यापासून गिरणीतून पीठ आणेपर्यंत. अट एकच, बाईंनी आठवण करायची नाही. त्यांना हेच सगळ्यात जड गेलं. पीठ संपत आलेलं दिसत होतं, जीभ चावून बसल्या. एका रात्री घरात पोळ्याच झाल्या नाहीत, सगळ्यांनी खिचडी खाल्ली. दुसऱ्या दिवशी गिरणीतून नवऱ्याचा फोन आला: ‘अगं, ज्वारी वेगळ्या पिशवीत आणायची असते का?’

हळूहळू गॅस, गिझर, वीजबिलही तिकडे सरकलं. सासूबाईंच्या गोळ्या मात्र बाईंनी स्वतःकडेच ठेवल्या. तिथे एकही खाडा परवडणारा नाही, म्हणाल्या. मीही आग्रह धरला नाही.